गालांवरची लाली

संग्रहालयाच्या व्यवस्थापकांनी काचेवर तोंडाची वाफ सोडली, बाहीने ती खसाखसा पुसली आणि आतल्या कवळीकडे बोट दाखवलं.

“गुरुजींची. शेवटच्या दिवसापर्यंत हीच.”

कवळीच्या हिरड्यांवर तपकिरी डाग होते. शेजारी राखेची वाटी, तिच्यात विझवलेली थोटकं.

“राखसुद्धा मूळचीच आहे बरं का! आम्ही काही म्हणजे काही बदललेलं नाही.”

सुनेने बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, त्याची पाठ पेटीकडे होईल असं.

सासूबाई गुरुजींची मुलगी. पण सकाळपासून परक्यासारख्या फिरत होत्या, कापडी पिशवी पोटाशी धरून. पिशवीत वडिलांचा कोट होता, चित्र काढताना घालायचा. त्याच्यासाठी कोपऱ्यात रिकामी काचपेटी तयार होती, पितळी पाटीसकट. कोट द्यायचा, फोटो काढू द्यायचा आणि घर गाठायचं, एवढंच ठरलं होतं.

“फार मोठा माणूस हो,” व्यवस्थापक म्हणाले. “रंग हातात घेतले की तहानभूक विसरायचे.”

“विसरायचे ना. दुसऱ्यांची.”

व्यवस्थापक मोठ्याने हसले आणि पुढे निघाले. “मेल्या म्हशीला मणभर दूध,” सासूबाई सुनेच्या कानाशी पुटपुटल्या.

आतल्या दालनात एकच चित्र होतं, वर दिवा लावलेला. ‘निजलेलं बाळ’. तिकिटावर हेच होतं, आल्या आल्या चहा मिळाला त्या कपांवरही हेच.

“या गालांवरची लाली बघा. लोक लांबलांबून येतात तेवढ्यासाठी. हा गुलाबी रंग पुन्हा कुणालाच जमला नाही.”

सून चित्रापुढच्या दोरीपाशी गेली. त्यातल्या मुलाच्या ओठांची सालं निघाली होती. पापण्या पुऱ्या मिटलेल्या नव्हत्या, खाली पांढरी रेघ राहिली होती. जावळ कानशिलाला चिकटलं होतं. तिचा हात आपोआप वर गेला, उलटा, रात्री स्वतःच्या बाळाच्या कपाळाशी जातो तसा, आणि हवेतच थांबला.

“आई,” ती हळूच म्हणाली, “याला ताप आहे.”

सासूबाईंनी वळून तिच्याकडे बघितलं.

“इतकी माणसं बघून गेली,” त्या म्हणाल्या. “कुणाला दिसलं नाही.”

व्यवस्थापक दाराशी फोटोवाल्याला उभं राहायची जागा दाखवत होते. सासूबाई चित्रावरची नजर न काढता, भाजीचा भाव सांगावा तशा बोलल्या.

“माझा धाकटा भाऊ. आई म्हणाली, डॉक्टरांना बोलावते. तर म्हणाले, थांब, हा रंग उद्या मिळायचा नाही. आतून कडी लावून घेतली. आम्ही दोघी बाहेर, दार बडवत.” त्यांनी पिशवी सारखी केली. “रंग वाळायच्या आत गेला.”

सुनेने हाताच्या पाठीने ओठ पुसले. चहाचा घोट तिने कपावरच्या त्या गालावरूनच घेतला होता. पुसले, पुन्हा पुसले. तेवढ्यात बाळाला उचकी लागली आणि ते भडाभडा ओकलं. आंबूस दूध हनुवटीवरून, मानेवरून तिच्या खांद्यावर उतरलं.

“अहो, गालिचा, गालिचा!” व्यवस्थापक धावले.

सून एका हाताने फडकं शोधू लागली. त्याआधी सासूबाईंचा हात पिशवीत गेला होता. त्यांनी कोट ओढून काढला. बाह्यांवर रंगांचे जुने थर होते. ते आत दुमडून त्यांनी मऊ अस्तर बाहेर काढलं आणि बाळाची हनुवटी टिपली. मग मानेच्या वळ्या, एकेक. मग चिमुकल्या बोटांच्या बेचक्या.

“ताई! अहो ताई, गुरुजींचा कोट तो!”

“हो, त्यांचाच.”

त्यांनी सुनेचा खांदा पुसला. मग उलटा हात बाळाच्या कपाळाला लावला आणि तसाच ठेवला. कपाळ गार होतं. बाळ त्यांच्या बांगडीशी खेळायला लागलं, तरी त्यांनी हात काढला नाही.

अखेर त्यांनी कोटाची नीट घडी घातली आणि पुढे केली. व्यवस्थापकांनी दोन्ही हात पुढे केले, वास आला तसे अर्ध्यावरच थांबले. फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

“घ्या की,” सासूबाई म्हणाल्या. “आणि धुऊ नका हं. तुमच्याकडे सगळं मूळचंच असतं ना?”