दाखवायचे दात

मावशीचं आणि शिट्टीबाईचं पहिल्याच गुरुवारी वाजलं ते कायमचं. शिट्टीबाई हे नाव मावशीनंच ठेवलेलं. ही बाई बोलिंग हॉलमध्ये, म्हणजे जड चेंडू घरंगळवून लाकडी बाटल्या पाडायच्या खेळाच्या जागी, ऑटिझम असलेल्या तरुण मुलामुलींचा ‘आनंदाचा तास’ घ्यायची आणि गळ्यात शिट्टी अडकवून आनंदाची कवायत करून घ्यायची. चेंडू टाका, टाळ्या वाजवा, शेजाऱ्याला टाळी द्या, हसा! तास संपला की हातात तक्ता घेऊन एकेकासमोर उभी राहायची आणि विचारायची, “कसं वाटलं?” हसू असेल तर चार गुण, काही बोललं तर तीन, इतरांबरोबर खेळलं तर आणखी तीन. आनंदाला दहापैकी गुण देणारी बाई मावशीनं जन्मात पाहिली नव्हती.

मावशीची भाची वीस वर्षांची. घरात तिला सगळे ‘सरकार’ म्हणायचे, कारण पंखा कितीवर ठेवायचा, कोणाची खुर्ची कुठल्या फरशीवर ठेवायची, हे सगळं तिच्या हुकमानं चालायचं. सरकार बोलायची थोडं आणि हसायची त्याहून थोडं. गुरुवारी तिच्या आईची ड्यूटी असायची, म्हणून तिला हॉलवर न्यायचं काम मावशीकडे. मावशीचं कपडे दुरुस्त करायचं दुकान होतं. गुरुवारी दुपारी ती कात्री खाली ठेवून सरळ कुलूप लावायची. गिऱ्हाईक दारात उभं राहून बोंबललं तरी मागे वळून बघायची नाही.

सरकारला चेंडू टाकण्यात काडीचा रस नव्हता. टाकलेले चेंडू जमिनीखालून परत वर येऊन एका कठडेवाल्या ओट्यावर जमायचे, त्या ओट्याच्या मधोमध एक जाळी होती. खेळणाऱ्यांचे घामेजलेले हात वाळावेत म्हणून जाळीतून वारा यायचा. सरकार त्या जाळीवर दोन्ही तळवे धरून उभी राहायची. खालून घरघर यायची, चेंडू वर उसळायचा आणि आधीच्या चेंडूवर टक्कन आपटायचा. त्या आवाजाला ती डोळे मिटायची. आठवडाभर तिचं अंग पुढेमागे हलत असायचं, ते तिथे थांबायचं. खांदे खाली यायचे, तोंड किंचित उघडं राहायचं. हसू नाही, शब्द नाही, पण पोरगी सुखात आहे हे मावशीला पाठीवरून कळायचं. आठवड्यात असा हा एकच तास होता.

शिट्टीबाईनं दोन महिने तिला भोपळा दिला.

“ती भागच घेत नाहीये, मावशी.”

“घेत नाही कशी? तासभर हलत नाही तिथून.”

“तेच म्हणतेय मी. हलत नाही.”

“मॅडम, तुम्ही गाणं ऐकताना उठून टाळ्या वाटत फिरता का?”

“मला वाद नको. बाहेर अकरा जण थांबलेत. तीन महिने तीनच्या खाली गुण आले की जागा पुढच्याला, असा नियम आहे.”

घरी येताना मावशी रस्ताभर धुमसत होती. बाईच्या अकलेला तिनं जेवढी नावं ठेवली, तेवढी लिहायची सोय नाही. पण नियम तो नियम, आणि जागा गेली तर जाळी गेली. मग मावशीनं डोकं चालवलं. हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. आपल्या पोरीला दाखवायचे दात असले तर बिघडलं कुठं?

दुकानातल्या आरशासमोर शिकवणी सुरू झाली. मावशी विचारायची, “कसं वाटलं?” सरकारनं दात दाखवायचे, “मजा आली” म्हणायचं आणि हात पुढे करायचा. हातावर शिंपल्याचं एक बटण पडायचं. बटणांसाठी सरकार काहीही करायला तयार होती. तीन आठवड्यांत तिचा डबा अर्धा भरला आणि हसू असं बेमालूम जमलं, की मावशीलाच क्षणभर खरं वाटायचं.

पुढच्या गुरुवारी शिट्टीबाईनं विचारलं, “कसं वाटलं?”

दात. “मजा आली.”

सात गुण! मावशी इतकी खूश झाली, की बाहेर पडताना शिट्टीबाईला नमस्कारसुद्धा करून आली.

पण शिट्टीबाई कसली तेवढ्यावर थांबते! पोरगी खुलली आहे, आता तिला पुढे आणायला हवं, असं तिनं ठरवलं. त्यापुढच्या गुरुवारी तिनं सरकारला जाळीपासून बाजूला ओढलं आणि रांगेत उभं केलं. हात धरून चेंडू टाकायला लावला, शेजारच्या मुलाच्या हातावर टाळी द्यायला लावली. सरकारचं अंग जोरजोरात हलायला लागलं.

“अहो, राहू द्या तिला तिथेच,” मावशी म्हणाली.

“तिनं स्वतः सांगितलंय मजा आली म्हणून. का, खोटं बोलली का ती?”

खरं सांगावं तर जागा जाते, न सांगावं तर पोरीचे हाल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्या दिवशी दहापैकी दहा गुण मिळाले आणि घरी येऊन मावशीनं कबूल केलेलं बटण दिलं.

तिसऱ्या गुरुवारी व्हायचं ते झालं. कठड्याशी बोटं कुठे ठेवायची नाहीत हे सरकारला पक्कं ठाऊक होतं, इतके महिने तिला साधं खरचटलं नव्हतं. शिट्टीबाईला ते ठाऊक नव्हतं. “उचल, उचल लवकर!” म्हणत तिनं सरकारचा हात धरून चेंडूवर ठेवला. खालून घरघर आली. सरकारनं हात मागे ओढला, पण बाईनं घट्ट धरलेला. वर आलेला चेंडू टक्कन आपटला आणि दोन चेंडूंमध्ये मधलं बोट सापडलं.

सरकार ओरडली नाही. नखाखाली रक्त साकळायला लागलं, तिचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी बाकावरून धावली.

“काही नाही, काही नाही झालं,” शिट्टीबाई घाबरून म्हणाली. “बघ माझ्याकडे. कसं वाटतंय?”

सरकारनं दात दाखवले. सगळे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती म्हणाली, “मजा आली.” आणि तोच हात, तळवा वर करून, बटणासाठी पुढे केला.

“शाब्बास!” शिट्टीबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं त्या तळव्यावर टाळी दिली.

सरकारचे दात तसेच दिसत राहिले.

“हात लावू नका तिला!” मावशी किंचाळली. अख्खा हॉल वळून बघायला लागला. “खोटं आहे ते! मी शिकवलंय. बटणं देऊन शिकवलंय. तुमच्या त्या तक्त्यासाठी!”

शिट्टीबाई थंडपणे म्हणाली, “म्हणजे इतके दिवस तुम्ही मला फसवलंत.”

“बोट बघा तिचं आधी.”

“बघतेय. मी तिला विचारलं होतं. तिनं काय उत्तर द्यायचं ते तुम्ही ठरवलं होतंत.”

बाईनं मलमाचा डबा पुढे केला आणि सरकारच्या नावावर आडवी रेघ मारली. एरवी मावशीनं तिला उभी आडवी सोलली असती, पण इथं आपलेच दात, आपलेच ओठ. सरकार मात्र वळून जाळीपाशी गेली आणि सुजलेलं बोट वाऱ्यावर धरून उभी राहिली. डोळे मिटले, तोंड किंचित उघडलं. मावशीनं तिला दहा मिनिटं तिथून हलवलं नाही आणि शिट्टीबाईनं शिट्टी वाजवली नाही.

बसस्टॉपवर मावशीनं पिशवीतल्या कापडाची पट्टी फाडून बोटाला बांधली. बांधता बांधता तोंडून निघून गेलं, “कसं वाटतंय गं?”

दात. “मजा आली.” हात पुढे.

“नाही गं माझे आई. दुखतंय म्हण.”

“मजा आली.”

“दुखतंय. दु-ख-तंय. म्हण.”

सरकारनं तिच्या तोंडाकडे बघितलं. बस आली, गेली. मावशीनं आणखी चारदा सांगितलं, पाचव्यांदा सांगताना तिचा आवाज चिरकला. मग सरकार म्हणाली, “दुखतंय.”

सगळे दात दाखवून म्हणाली, आणि हात पुढे केला.

खरंच दुखतंय म्हणून म्हणाली की बटणासाठी, हे आता मावशीला कळायला काही मार्ग नव्हता. पर्समध्ये आजचं बटण होतं. मावशीनं ते काढून पट्टी बांधलेल्या हातावर ठेवलं.