उर्बिनोचं उत्तर

देल्विना मावशीचं लग्न एकोणीसशे छप्पनच्या सप्टेंबरात झालं. नवरा ओरेस्ते, आमच्या रेनारो गावच्या पोस्टातला एकमेव कारकून. सरकारी नोकरी, स्वच्छ कॉलर आणि अक्षर असं की निम्म्या गावाचे अर्ज तोच लिहून द्यायचा. असा जावई मिळाल्याने आजोबांना आभाळ ठेंगणं झालं होतं. मधुचंद्राला दोघं चार दिवस पेझारोला गेली, समुद्रावर.

दुसऱ्याच दिवशी ओरेस्तेची पाठ उन्हाने सोलवटली. तिसऱ्या दिवशी सकाळी कॉफी घेताना मावशी म्हणाली, "आज उर्बिनोला जाऊ या."

"उर्बिनोला? तिथे काय ठेवलंय? डोंगरच बघायचे तर आपल्याकडे काय कमी आहेत?"

"राजवाडा आहे."

"रिकाम्या खोल्या नुसत्या. राजा मरून पाचशे वर्षं झाली."

दोघं उतरली होती त्या खानावळीची मालकीण पाव घेऊन आली होती, तिने ते ऐकलं. "अहो, न्या की तिला! नव्या नवरीला आत्तापासून नाही म्हणायला लागलात, तर पुढे काय दिवे लावणार? बस समोरूनच सुटते."

ओरेस्ते हसला. नाही म्हणायला त्याच्याजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं.

मावशीच्या मनात उर्बिनो चार वर्षं होतं. ती सोळा वर्षांची असताना गावातल्या शाळेच्या बाईंनी तिची सहा चित्रं तिथल्या चित्रांच्या आणि छपाईच्या शाळेकडे धाडली होती. मुलगी घेतली तर फी माफ, आणि राहायला नन्सच्या वसतिगृहात खाट. मावशी रोज दुपारी पोस्टात जाऊन विचारायची, "माझं काही?" खिडकीतून ओरेस्ते मान हलवायचा, "नाही गं, आज पण नाही." पहिल्यांदा तो तिच्याशी बोलायला लागला तो असाच. पुढे ती विचारायची थांबली आणि तो तिला स्वतःच पत्रं लिहायला लागला. दोन वर्षं लिहिली. ती पत्रं वाचूनच मावशी लग्नाला तयार झाली.

बस वळणं घेत वर चढली आणि राजवाड्याचे दोन बारीक मनोरे दिसले, तेव्हा मावशीने त्याचा हात घट्ट धरला. गावभर विटांच्या गल्ल्या, एक उतरली की दुसरी चढायची. राजवाड्यात ओरेस्ते पुढे पुढे चालत होता, तिला खोल्यांचे आकडे सांगत. मावशी एका दारापाशी अडकली. लाकडाचे तुकडे जोडून त्यावर कपाटाचं चित्र केलं होतं, अर्धवट उघडं, आत पुस्तकं. ती हात लावायला गेली तशी पहारेकरी खेकसला.

"ती शाळा कुठे असेल रे?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"कुठली?"

"माझी चित्रं पाठवली होती ती."

"सप्टेंबरात शाळा बंद असतात, देल्वी. आणि त्यांनी साधं उत्तर तरी दिलं का तुला? कशाला जायचं त्यांच्या दारात?"

ते तिला पटलं. दोघांनी गरम क्रेशा खाल्ली, चरबीत भाजलेली जाड पोळी, आत हॅमचे काप. ओरेस्तेने अर्धा लिटर वाइन घेतली. लग्नातले नवे बूट त्याला चावत होते. चौकातल्या बाकावर त्याने ते काढले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि पेंगायला लागला.

"मी चर्चमध्ये मेणबत्ती लावून येते," मावशी म्हणाली.

मेणबत्ती तिने खरंच लावली. बाहेर आल्यावर मात्र तिने एका भाजीवालीला शाळा विचारली. दोनच गल्ल्या पलीकडे होती. दार उघडं. सप्टेंबरात नापास मुलांच्या फेरपरीक्षा चालतात हे तिला काय माहीत! आत शाईचा आणि टर्पेंटाइनचा वास येत होता. लांब बोळात भिंतीवर मुलांची कामं काचेत लावली होती. ती बघत बघत चालली आणि थांबली.

गोठ्यात पाय दुमडून बसलेली म्हातारी गाढवी. तिचीच गाढवी, सोळाव्या वर्षी कोळशाने काढलेली.

"आवडली ना?" मागून एक म्हातारा आला, अंगावर डागांनी भरलेला एप्रन. बाल्सामिनी मास्तर. "आमच्या एकाही पोराला असं जनावर जमत नाही. नवीन मुलं आली की त्यांना इथे आणून उभं करतो. काढणारी मात्र आलीच नाही. शिष्ट दिसते."

"तुम्ही बोलावलं होतं तिला?"

"तीनदा! तिसरं पत्र तर रजिस्टरने. ते पोचलं, सही पण आली, आणि बाईसाहेबांचं उत्तर नाही."

"मीच ती," मावशी म्हणाली. "देल्विना पाओलुच्ची."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या बोटातल्या अंगठीकडे. ते तिला कचेरीत घेऊन गेले, कपाटातून एक फाइल काढली आणि पोचपावती तिच्यापुढे ठेवली. सहीच्या जागी तिचं नाव होतं. डी अक्षराची शेपटी गोगलगाईसारखी आत वळलेली. असा डी मावशीच्या ट्रंकेत दोन वर्षांच्या पत्रांवर होता. 'देल्विना, माझ्या जिवा' असं ज्याने लिहिलं होतं, त्याच हाताने.

ती खुर्चीवर बसली. मास्तरांनी पाणी दिलं.

"आता नाही का घेणार मला?" तिने विचारलं.

"वसतिगृहात लग्न झालेल्या मुली ठेवत नाहीत, पोरी. आणि फीमाफीला अठराची अट आहे." ते बराच वेळ टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. "चित्र तुझं आहे. हवं तर घेऊन जा."

"नको. घरी कुठे लावू?"

ओरेस्ते जागा झाला होता, चौकात अनवाणी उभा राहून तिला शोधत होता. तिचा चेहरा बघितला आणि त्याला कळलं. विचारलंही नाही कुठे गेली होतीस.

"तीन पत्रं," मावशी म्हणाली.

"पहिलं तुझ्या बाबांनी नेलं." तो खाली बघत बोलला. "ते आधीच येऊन सांगून गेले होते, उर्बिनोचं काही आलं तर माझ्या हातात दे. माझ्यासमोर चुलीत घातलं त्यांनी."

"आणि दुसरं?"

त्याने बाकाजवळचे बूट पायाने पुढे ओढले.

"तिसऱ्यावर सही कोणी केली, ओरेस्ते?"

"तू गेली असतीस."

"हो, गेले असते."

"मग? परत आली असतीस का? इथल्या कुठल्या तरी मास्तराशी लग्न केलं असतंस. मला तू रोज दिसायचीस, देल्वी. दुपारी दोन वाजता. मी दोन वाजायची वाट बघायचो."

"आणि मी कशाची वाट बघत होते?"

"ओरडू नकोस, लोक बघतायत."

"बघू देत! चार महिने तू माझ्या तोंडावर म्हणत होतास, आज पण नाही. मला वाटलं, मला काही येतच नाही. मी पेन्सिली भावाला देऊन टाकल्या."

"मी तुला काही कमी पडू देणार नाही."

मावशी हसली. मला हे सांगताना ती म्हणाली, त्या हसण्याचीच तिला अजून भीती वाटते.

पाच वाजताच्या बसने दोघं परतली. दुसरी बस नव्हती, आणि तिच्या पर्समध्ये एक रुमाल आणि जपमाळ एवढंच होतं. तो रात्रभर खुर्चीवर बसून राहिला. सकाळी दुकानं उघडताच जाऊन त्याने रंगांची पेटी आणली, चांगली, चोवीस रंगांची. तिने ती मालकिणीच्या मुलीला दिली. मालकीण म्हणाली, "केवढं मोठं मन गं तुझं!"

गावच्या थांब्यावर आजोबा आले होते, लग्नातलाच कोट घालून. त्यांनी तिचे दोन्ही गाल चुंबले. "मग? काय काय बघितलं माझ्या राणीने?"

ओरेस्ते सामान उतरवत होता, तो तसाच वाकून राहिला.

"समुद्र," मावशी म्हणाली. "खूप मोठा आहे, बाबा."

पोस्टाच्या साहेबांकडे एक ओळ लिहिली असती तर ओरेस्तेची नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही झाला असता. ती ओळ तिने लिहिली नाही. तिला तीन मुलं झाली. आजोबांची शेवटची अकरा वर्षं तिच्याच घरी गेली, तिनेच त्यांना भरवलं, धुतलं. ओरेस्तेने तिच्यावर कधी आवाज चढवला नाही, आला पगार तिच्या हातात ठेवला. ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची. लोक म्हणायचे, देल्विना घुमी आहे, नवरा बिचारा गरीब गाय.

हे सगळं तिने मला ओरेस्ते गेल्यावर सांगितलं, स्वयंपाकघरात शेंगा सोलताना.

"आजोबांना कधी विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं. मग मला त्यांना वाढता आलं नसतं."

"आणि काकांना माफ केलंस?"

मावशीने सालं गोळा केली, उठली आणि कोंबड्यांना टाकायला परसात गेली.