गॅसवरची चव

माझे मोठे दीर गॅसच्या शेगड्या जोडून देतात आणि माझा नवरा घरोघरी वायरिंग करतो. त्यामुळे आमच्याकडे जेवताना जेवणाबद्दल कोणी बोलत नाही. दीर म्हणणार, वीज म्हणजे लहरी कारभार. नवरा म्हणणार, सिलिंडर नेमका पाहुणे आल्यावरच संपतो. याच भांडणातून एका घराची दोन घरं झाली. दोन्ही स्वयंपाकघरांच्या मध्ये एक दार तेवढं राहिलं आणि माझं नि जाऊबाईंचं सगळं त्या दारावर चालायचं. वीज गेली की माझं पातेलं तिकडे, त्यांचा गॅस संपला की त्यांचं इकडे. अंघोळीच्या पाण्याचंही तेच. नवऱ्यांना पत्ता नाही. दोघेही चारचौघांत छाती काढून सांगायचे, आमच्याकडे स्वयंपाक कधी अडला नाही.

मग एकदा शब्दाला शब्द वाढला आणि दोघांनी ते दार विटांनी बुजवायचं ठरवलं. जाऊबाई रडकुंडीला आल्या.

गवंडी आला, तेव्हा दीर पलीकडे जेवायला बसले होते. दार अजून उघडंच होतं. गरम भाजीचा घास घेऊन ते माझ्या नवऱ्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "याला म्हणतात गॅसवरची चव. विजेच्या शेगडीला जन्मात जमायचं नाही."

जाऊबाई नवऱ्यापुढे कधी तोंड उघडत नाहीत. त्या दिवशी उघडलं.

"आपला सिलिंडर काल सकाळीच संपलाय. भाजी धाकटीच्या शेगडीवरची आहे."

माझा नवरा पोट धरून हसायला लागला. मला राग आवरेना. मी म्हटलं, "परवा तुम्ही येईपर्यंत वीज नव्हती. तुम्ही दोनदा मागून घेतलंत ते जाऊबाईंच्या गॅसवरचं होतं."

त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. गवंड्याने थोडा वेळ वाट पाहिली आणि विटा परत नेल्या.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण संध्याकाळी दोघे भाऊ फाटकाशी उभे राहून शेजाऱ्याला समजावत होते, की गॅस आणि वीज दोन्ही हाताशी ठेवायचं, मध्ये दार ठेवायचं, हे सगळं आम्ही पहिल्यापासून आखलेलं आहे. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मागच्या पायरीवर जाऊन बसलो.

जेवणाच्या वेळी दोघे आपापल्या टेबलाशी येऊन बसले. नवा सिलिंडर लागला होता, वीज होती, दार सताड उघडं होतं. कुठल्याच शेगडीवर काही नव्हतं.