पाय उचलायचं गाणं

‘कोरा चहा’ हे गाणाऱ्या पोरांच्या बँडचं नाव आहे, असं माझ्या सुनेनं, मंजुषानं, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी विचारलं होतं, "का गं, त्यांच्या घरचं दूध नासलं होतं का?"

ती खुदकन हसली. चौदा वर्षांत माझ्या बोलण्यावर ती अशी हसल्याचं मला आठवत नाही. आणि तेव्हा मी गादीवर आडवी होते, अंगावर चादर, उशाला औषधांचा डबा.

गेल्या मे महिन्यात न्हाणीत पाय घसरला आणि माझं खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरनं आत लोखंड घालून ते जोडलं आणि पुढचं मंजुषाच्या हवाली केलं. पुढचं म्हणजे काय, ते ज्याचं मोडतं त्यालाच कळतं. अंथरुणात भांडं देण्यापासून न्हाऊ घालण्यापर्यंत सगळं. पोटची लेक चार दिवस राहून गेली. सून राहिली.

रोज सकाळ-संध्याकाळ पाय उचलायचा व्यायाम सांगितला होता. उचलायचा, दहा म्हणेपर्यंत धरायचा, सोडायचा, असं तीस वेळा. मंजुषा शेजारी बसून आकडे मोजायची आणि माझं टाळकं फिरायचं. "मास्तरीण लागून गेलीस का?" म्हणून मी पाय टाकून द्यायची. आठ दिवस तिनं ऐकून घेतलं. नवव्या दिवशी आकडे सोडले आणि मोबाइलवर गाणं लावलं.

एसटी स्टँडवर एक पोरगा आणि एक पोरगी गाडीची वाट बघतात आणि गाडी काही येत नाही, एवढंच ते गाणं. मधून मधून ‘दम धर, दम धर’ असं लांबवून म्हणतात, आणि मग ढोल वाजतो आणि ‘आली गं गाडी’. मंजुषा म्हणाली, "आत्या, ‘दम धर’ला पाय वर. ‘आली गाडी’ला खाली."

"हे काय गाणं हाय? नुसती चौकशीची खिडकी!" मी म्हटलं. पण पाय उचलला. मग रोज उचलला. दिवाळीला मी उंबऱ्यापर्यंत चालत येऊन पणती लावली. आता ते गाणं कुठं वाजलं की माझा उजवा पाय मला न विचारता हलतो.

एवढं तिनं केलं, पण मी तिला कधी चांगला शब्द बोलले नाही. आमच्याकडं ती रीत नाही. मंजुषा गॅसची टाकी आणणाऱ्यालासुद्धा थँक्यू म्हणते. माझ्या जिभेला ते वळणच नाही. टोमणा मारायचा असला तर जीभ लगेच वळते.

आणि एक जुनी गोष्ट आत टोचत होती. लग्नाला सहा महिने झाले असतील. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ही म्हणाली होती, "आत्या, कॉलेजच्या मैदानावर माझ्या आवडीचा बँड येणार आहे. ह्यांच्यासोबत जाऊन येऊ का?" मी म्हटलं होतं, "आमच्या घरच्या सुना मैदानात उड्या मारायला जात नाहीत." ती ‘बरं’ म्हणाली, ओठ न उघडता थोडंसं हसली आणि कणीक मळायला बसली. त्यानंतर तिनं कधीच काही मागितलं नाही. तो बँड म्हणजे हाच कोरा चहा, हे मला गादीवर पडल्यावर कळलं. ते ओठ मिटलेलं हसू मात्र मी वर्षानुवर्षं बघत आले.

तर ह्या हिवाळ्यात पडेगावच्या पुढं, दौलताबादच्या अंगाला, मोठ्या मोकळ्या रानात गाण्याचा मेळा ठरला. दिवसभर एकामागून एक बँड, आणि सूर्य बुडताना कोरा चहा. माझ्या पोरानं, अजिनाथनं, दोन तिकिटं काढली. एक त्याचं, एक बायकोचं. मंजुषानं आठ दिवस आधी कुर्त्याला इस्त्री करून ठेवली. आणि त्याच सकाळी वाळूजहून कंपनीचा फोन आला की मशीन बंद पडलंय, ताबडतोब या.

अजिनाथ डबा घेऊन गेला. मंजुषा म्हणाली, "राहू द्या. पुढच्या वर्षी बघू." आणि हसली. तेच हसू.

मी म्हटलं, "मी येते."

"आत्या, तिथं उभं राहावं लागतं."

"मग? मी काय लोळत येणार हाय का?"

"वॉकर घेऊ सोबत?"

"वॉकर घेतला तर मी येत नाय."

ह्यामागं कारण होतं, सुलेखा. माझी धाकटी जाऊ. तिला मी फोनवर सांगून बसले होते की आता मी ठणठणीत आहे, रोज मारुतीच्या देवळापर्यंत चालून येते. खरं म्हणजे तो वॉकर धरून मी न्हाणीपर्यंत जायची, आणि चार लोकांत दिसायला नको म्हणून वॉकर उंबऱ्याबाहेर काढायची नाही. पुढच्या रविवारी सुलेखाच्या नातीचं बारसं होतं. ‘अंगात कसकस आहे, जमायचं नाही,’ असं मी आठ दिवस आधीच कळवून टाकलं होतं.

रिक्षानं गेलो. फाटकावर लांबच लांब रांग. निळ्या गणवेशातली एक थोराड बाई पिशव्या तपासत होती. गळ्यातल्या कार्डावर ‘सोनिया’ असं नाव होतं. तिनं माझ्या चंचीतून अडकित्ता बाहेर काढला.

"आजी, हत्यार आत नाय न्यायचं."

"हत्यार? अगं, सुपारी कातरायचा अडकित्ता हाय तो! माझ्या सासूचा. ह्यानं कुणाचं नाक कापणार हाय मी?"

"तुमचं काय सांगता येतं, आजी," ती म्हणाली आणि अडकित्त्याला चिठ्ठी बांधून डब्यात ठेवला. मग माझ्या पायाकडं बघून म्हणाली, "चाकाची खुर्ची देऊ का? आत लई चालावं लागतं."

"मला काय धाड भरलीय? तुझ्या आजीला बसव खुर्चीत."

मंजुषानं जीभ चावली आणि माझा दंड धरला. "सोड," मी म्हटलं, "मीच तुला धरते. गर्दीत हरवशील." असं म्हणून मी तिच्या हातावर सगळा भार टाकला आणि आम्ही निघालो.

आत गेलं की आधी खाण्याच्या टपऱ्यांची ओळ होती. भजी, पावभाजी, उसाचा रस. आणि पहिल्याच टपरीत, मोठ्या कढईपुढं झारा घेऊन, सुलेखा! तिच्या पोरानं, सत्यमनं, भज्यांचा स्टॉल लावला होता आणि ही तळायला बसली होती. मी मंजुषाचा हात झटकला. मान ताठ केली आणि सरळ चालत गेले.

"अगं बाई, आक्का! तुम्ही तर पळायला लागल्या!"

"मग? जागेला चिकटून ऱ्हायला मी काय पाटा-वरवंटा हाय का?"

वीस पावलं चालून दाखवली. एकविसाव्या पावलाला खुब्यात विस्तव पेटला. टपरीच्या आडोशाला मंजुषानं मला धरलं. पदरानं माझं कपाळ पुसायला गेली, तर आज तिच्या अंगावर पदर नव्हता, ओढणी होती. तिनं ओढणीनं पुसलं.

स्टेजजवळ पोहोचेपर्यंत पुढची सगळी जागा भरली होती. आमच्यापुढं कॉलेजची पोरं, एकेक बाभळीएवढं उंच, आणि वर हात करून मोबाइल धरलेले. मंजुषा ठेंगणी. घरात वरच्या फळीवरचा डबा काढायला पाट घेते. तिनं टाचा उंच केल्या, डावीकडं वाकली, उजवीकडं वाकली. तिला दिसत होत्या त्या पोरांच्या पाठी. एका पाठीवर सिंहाचं तोंड होतं.

"दिसतंय का?"

"ऐकू तर येतंय ना, आत्या," ती म्हणाली. "गाणं ऐकायलाच तर आलोय." आणि ओठ न उघडता हसली.

कोरा चहाची पोरं अजून गायला लागली नव्हती, तारा जुळवत होती. आणि ही आत्तापासूनच, त्या दिवसासारखी, कणीक मळायला बसली होती! मला असा राग आला म्हणून सांगू, पण कुणाचा ते काही वेळ मलाच कळेना. मी येताना चार ठिकाणी बसले नसते, सुलेखापुढं तोरा मिरवून पाय दुखवला नसता, तर ही पुढं उभी असती.

डाव्या हाताला लाकडी मचाण होतं. पुरुषभर उंच, कठडा घातलेलं, वर चढायला उतरती वाट. वर चार-पाच माणसं चाकाच्या खुर्च्यांत बसलेली आणि प्रत्येकाशेजारी एक माणूस उभं. त्यांच्यापुढं कुणाची पाठ नव्हती. समोर उघडं स्टेज.

मी तिथल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "खुर्चीवाल्या पेशंटसाठी आहे, मावशी. सोबत एक जण चालतो."

"मंजुषे, चल माघारी."

तिचा चेहरा उतरला. "घरी जायचं?"

"फाटकावर चल म्हटलं ना!"

सोनियानं मला येताना बघितलं आणि कमरेवर हात ठेवले. "काय आजी, अडकित्ता पायजे?"

"खुर्ची पायजे."

"माझी आजी काय अजून आली नाय," ती म्हणाली.

मी खवळायला पाहिजे होतं. पण तिकडं ढोल वाजायला लागला होता. मी म्हटलं, "बाई, माझा खुबा मोडलाय. मला चालता येत नाय."

इतक्या महिन्यांत हे वाक्य मी मोठ्यानं पहिल्यांदा म्हटलं. सोनियाचे कमरेवरचे हात खाली आले. तिनं खुर्ची आणली, स्वतः ब्रेक लावला, माझे पाय उचलून पायपट्टीवर ठेवले. "बसा, आई," म्हणाली. आजीची आई झाले.

माघारी येताना गर्दीच्या आडून निसटलो होतो, पण खुर्ची मचाणाकडं न्यायला एकच वाट होती, भज्यांच्या टपरीवरून. मंजुषा म्हणाली, "आत्या, तोंडावर पदर घ्या. मी पटकन नेते."

"कशाला? मी काय चोरी केलीय?" म्हणाले खरं, पण हात पदराकडं गेलाच होता.

"आक्का!" सुलेखा ओरडलीच. "अहो, मघाशी तर ताठ चालत गेल्या तुम्ही! आता काय झालं?"

कागदी ताटल्या घेतलेली दहा-बारा माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली. मी हात वर करून खुर्ची थांबवली.

"मघाशी नाटक केलं," मी म्हटलं. "मारुतीपर्यंत चालते म्हटलं ते बी खोटं. लोखंड हाय खुब्यात. मेपासून दिवाळीपर्यंत ह्या पोरीनं मला उचललं, भांडं दिलं, न्हाऊ घातलं, आणि एक दिवस नाक मुरडलं नाय. माझं तोंड कसं हाय ते तुला ठाऊक हाय. ते ऐकून घेऊन केलं. तिच्या जीवावर मी आज उन्हात बसलेय. आता तिचा बँड आलाय, आणि तिला तो दिसायला पायजे म्हणून ह्या खुर्चीत बसलेय. अजून काही इचारायचंय?"

सुलेखाचा झारा हवेतच राहिला.

"नाय ना? मग भजी बघ, जळाली तुझी."

खुर्ची हलेना. मागं वळून बघायचा खुबा माझ्याकडं नव्हता, त्यामुळं मंजुषाचं तोंड काही मला दिसलं नाही. नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला.

"चल गं," मी म्हटलं. "रडायचंच होतं तर घरी कांदा होता."

मग खुर्ची अशी पळाली, अशी पळाली, की ढेकळांवरून माझे दात वाजायला लागले.

मचाणावर चढलो तेव्हा सूर्य देवगिरीच्या डोंगराला टेकला होता. खाली माणसांचं पीक, वाऱ्यानं डोलणाऱ्या ज्वारीसारखं. आणि समोर, अगदी समोर, कोरा चहा. चार जण. मी कोवळी पोरं बघायला आले होते, तर एकाला टक्कल, एकाचं पोट सुटलेलं. चौदा वर्षं त्यांचीही गेलीच होती की. पण गायला लागले आणि मी मान्य केलं, आवाजात दूध होतं.

आणि मंजुषा! माझ्या घरात भांड्याला भांडं लागू न देता चौदा वर्षं वावरलेली ही बाई कठडा धरून ओरडत होती. प्रत्येक गाणं पाठ. ओढणी खांद्यावरून खाली गेली तरी शुद्ध नाही. दात दिसत होते तिचे, सगळेच्या सगळे. तिच्या उजव्या बाजूच्या वरच्या दाताला दुसरा दात चढलेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

शेवटी ते एसटीचं गाणं लागलं. सगळं रान एका आवाजात ‘दम धर’ म्हणायला लागलं. मंजुषानं गाणं सोडलं आणि वाकून माझ्याकडं बघितलं. डोळे वाहत होते आणि हसत होती.

"उचला, आत्या."

"आधीच उचललाय," मी म्हटलं. खरंच पाय वर होता, पायपट्टीवरून वीतभर उंच, हजारो माणसांदेखत. दुखत होतं. ‘आली गं गाडी’ येईपर्यंत मी तो खाली टाकला नाही.

निघताना सोनियानं अडकित्ता परत दिला. मी तिला सुपारीचं खांड कातरून दिलं. ते तिनं गणवेशाच्या खिशात ठेवलं. सुलेखानं सत्यमच्या हाती भज्यांचा पुडा पाठवला होता. न जळालेली भजी होती.

रिक्षात मंजुषाचा आवाज पार बसला होता. घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आत्या, भांड्याचं सगळ्यांदेखत सांगितलंत तुम्ही."

"खोटं होतं का?"

"नाय."

"मग गप बस आणि भजी खा. आणि तो वॉकर उद्या पुसून ठेव. रविवारी बारशाला जायचंय."

तिनं भजं तोंडात टाकलं. माझा एक हात तिच्या गुडघ्यावर होता. रिक्षा हादरते म्हणून ठेवला होता, आणि डांबरी रस्ता लागला तरी काढला नाही.

दारात रिक्षा थांबली. मंजुषा आधी उतरली, वळली, मला धरायला दोन्ही हात पुढं केले.

"आली गं गाडी," ती म्हणाली.

आणि मी पाय खाली टाकला.