सतरा ग्रॅम

पडद्यावरची जयंती अमोनियाच्या समीकरणापाशी आली, तशी खुर्चीवरची जयंती रिमोट घेऊन उठली. मुलं अर्थातच पडद्यावरचीकडे पाहत होती. ती तरुण होती, आणि तिचा आवाज चेन्नईतल्या अण्णा नगरच्या त्या हॉलमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जात होता.

खुर्चीवरचीचा घसा ओरडून ओरडून बसला तो बसलाच. या क्लासची रीत अशी, की एका शिक्षकाने एकच धडा शिकवायचा, बॅचा बदलत राहायच्या. रसायनं किती घातली तर किती काय तयार होईल, हा हिशेबाचा धडा जयंतीच्या वाट्याला आला आणि जन्माला चिकटला. आवाज गेल्यावर संचालक व्यंकटेशने तिचा जुना व्हिडिओ लावायला सुरुवात केली. तिने नुसतं शेजारी बसायचं. आपल्याच आवाजाची राखण करायची म्हणा ना.

सोडून जावं असं रोज वाटे. जाणार कुठे? नवऱ्याचं, प्रतापसिंहांचं डायलिसिस याच नोकरीच्या विम्यावर चाललेलं. शिवाय व्यंकटेश तिच्यासारखाच तंजावरकडचा मराठी, नात्यातला. त्याने उपकारच केले होते, त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती.

तिची म्हणून एकच जागा उरली होती, ती म्हणजे व्हिडिओतली चूक. रेकॉर्डिंगच्या गडबडीत अमोनियाच्या आधीचा दोन लिहायचा राहिला होता. अठ्ठावीस ग्रॅम नायट्रोजन, सहा ग्रॅम हायड्रोजन आणि उत्तर सतरा ग्रॅम अमोनिया. इथे ती व्हिडिओ थांबवायची आणि घोगऱ्या आवाजात विचारायची, "चौतीस आत गेले, सतराच बाहेर आले. बाकीचे सतरा कुठे गेले?"

मग काय धमाल व्हायची. कोणी म्हणे, भांडं गळकं होतं. कोणी म्हणे, वॉचमनने पळवले. शेवटी कोणीतरी तो दोन शोधून काढायचं. तेवढा वेळ वर्ग तिचा असायचा. ही उत्तरं ती संध्याकाळी डायलिसिसच्या पलंगापाशी बसून सांगायची, आणि प्रतापसिंह दिवसभर त्यांची वाट पाहायचे. आज सकाळीही त्यांनी बजावलं होतं, "आज कोण गिळलं ते सतरा, नीट ऐकून ये."

तिने रिमोट पडद्याकडे धरला, आणि पडद्यावरची म्हणाली, "इथे दोन मोल अमोनिया. म्हणजे चौतीस ग्रॅम."

हे वाक्य जयंती कधी बोललीच नव्हती. पण आवाज तिचाच होता, धडधाकट.

दारात व्यंकटेश हसत उभा होता. "अक्का, तुमचाच आवाज घेऊन कंप्युटरकडून नीट करून घेतलं. बेस जालं की नै? आता उठायला नको, घसा दुखवायला नको."

"मला इचारायचं होतंस, व्यंकटेशा."

"तुमच्यासाठीच केलं, अक्का." त्याला खरंच तसं वाटत होतं. तो निघून गेला.

तिने व्हिडिओ थांबवला. फळ्यापाशी जाऊन मार्कर उघडला. "चौतीस आत गेले," ती म्हणाली आणि अडली. पुढे विचारायला काही उरलंच नव्हतं.

पहिल्या बाकावरची कौमुदी ही वळणाची मुलगी. तिचे आईवडील पुण्याकडचे, म्हणून मिसशी ती हळूच मराठीत बोलायची. "मिस, चौतीसच आलेत ना बाहेर? बरोबर आहे सगळं." मग आणखी हळू म्हणाली, "व्हिडिओ लावता का? मागे ऐकू येत नाहीये."

जयंतीने बटण दाबलं.

"समजलं?" पडद्यावरचीने विचारलं आणि उत्तरासाठी थांबली.

"येस मिस," सगळा वर्ग म्हणाला. पडद्यावरचीने मान डोलावली.

संध्याकाळी प्रतापसिंह मशीनला जोडलेले होते. तिला पाहताच त्यांनी उशीवर मान वळवली. "मग? आज कोण गिळलं?"

"कोणी नै. बरोबर आलं सगळं."

"बेस," ते म्हणाले, आणि पुढचं ऐकायला तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. डायलिसिस संपायला अजून बराच वेळ होता. तिने त्यांच्या हातावरची चादर नीट केली, मग पुन्हा एकदा नीट केली.