साथीच्या बाई एकट्या बसल्या तेव्हा

मी पियानोपुढचा बाक बोलतोय. पियानो नाही, बाक. हा खुलासा आधीच केलेला बरा. कारण विद्यापीठाच्या संगीत विभागात येणारा प्रत्येक माणूस आधी पियानोकडे बघतो, त्याच्या काळ्याभोर अंगावरून हात फिरवतो, 'वा!' म्हणतो आणि मग आपला कोट काढून माझ्यावर टाकतो. मला त्याचा राग नाही. म्हणजे थोडा आहे, पण कोट हलके असतात.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. त्याने आयुष्यात कधी पियानो ऐकला होता की नाही कोण जाणे, पण बसणाऱ्यांच्या तक्रारी त्याला तोंडपाठ होत्या. त्याने मला जाड लाकडाचे चार पाय दिले, वर चामड्याची गादी बसवली आणि दोन्ही बाजूंना एकेक गोल मूठ लावली. मुठी फिरवल्या की मी वर होतो किंवा खाली जातो. मी तयार झाल्यावर त्याने सासूबाईंना हाक मारली. सासूबाई चांगल्या भरभक्कम होत्या. त्या माझ्यावर बसल्या, इकडे डुलल्या, तिकडे डुलल्या आणि जावयाला म्हणाल्या, "हा टिकेल. तुझ्या खुर्च्यांसारखा नाही." त्या घरात माझं एवढंच कौतुक झालं, पण ते मला जन्मभर पुरलं.

तिथून मी आलो तो थेट संगीत विभागाच्या सभागृहात. सभागृह कसलं, मोठी खोलीच म्हणा. लाकडी जमीन, उंच खिडक्या, आणि खाली ओळीने मांडलेल्या खुर्च्या. दाराबाहेर एक फलक आहे. त्यावर 'आगामी कार्यक्रम' असं लिहिलेलं असतं आणि सत्र सुरू झालं की खाली कागद लागायला लागतात. कोणाचं गाणं, कोणाची बासरी, कोणाचं व्हायोलिन, कधी शिक्षकांचा कार्यक्रम, कधी एखादा पाहुणा. इथली पदवी हवी असेल तर लोकांसमोर एक पूर्ण कार्यक्रम करावाच लागतो. मुलं नाव लागेपर्यंत रोज फलकाशी घुटमळतात, आणि एकदा नाव लागलं की तिकडे बघायला नको म्हणून मागच्या जिन्याने ये-जा करतात.

लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात. माझ्या वाट्याला ती बाजू येत नाही. पण बसण्यावरूनही माणूस कळतो, हे मी अनुभवाने सांगतो. नवखी मुलं अगदी काठावर टेकतात, जणू मी त्यांना चावणार आहे. काही प्राध्यापक वरून पोतं टाकावं तसे बसतात. आणि घाबरलेला प्रत्येक जण मुठी फिरवतो. उंची बरोबर असते, तरी थोडं वर, थोडं खाली, परत थोडं वर. शेवटी मी होतो तिथेच येतो आणि त्या माणसाला धीर येतो. मी कधी कुरकुर केली नाही. नाही म्हणजे, पुढे वयोमानाप्रमाणे करायला लागलो, पण ती वेगळी.

वाईट दिवसही पाहिले. सभागृहाला रंग दिला तेव्हा मला अडगळीच्या खोलीत टाकलं आणि रंग वाळून गेला तरी कोणाला माझी आठवण झाली नाही. तिथे सुरांचे कागद ठेवायच्या, मोडक्या पायांच्या स्टँडांबरोबर मी धूळ खात पडलो होतो. एकदा दार उघडलं, मला वाटलं, चला, सुटलो. तर दिवा बदलायला कोणीतरी माझ्यावर चढलं. बुटांसकट. ज्या गादीवर लोक धुतलेल्या कपड्यांनी जपून बसायचे, त्या गादीवर बूट. त्या दिवशी मला सुताराच्या सासूबाईंची फार आठवण आली.

तिथून मला बाहेर काढलं ते साथीच्या बाईंनी. सगळे त्यांना याच नावाने ओळखत. कोणाचंही गाणं असो, बासरी असो, व्हायोलिन असो, पियानोवर साथीला त्याच. त्या आल्या, मला फडक्याने पुसलं आणि शिपायाच्या मदतीने सभागृहात नेलं. मुठींना त्यांनी कधी हातसुद्धा लावला नाही. "आहे तसा चालेल," म्हणायच्या. त्यांना सगळंच आहे तसं चालायचं.

बाई माझ्यावर मधोमध बसत नसत. पियानोच्या उजव्या अंगाला जो बाक असतो, म्हणजे वळण, मी नव्हे, तिथे गाणारा उभा राहतो. बाई त्याच्याकडे झुकून बसत. गाणारा सुरुवातीला श्वास घेतो ना, त्या श्वासावर बाईंची बोटं खाली येत. तो श्वास गाणाऱ्याच्या आईलासुद्धा दिसत नाही, पण बाईंना दिसायचा. कोणी घाईत निघाला तर बाई त्याला हळूच मागे ओढत. कोणाचा दम संपत आला तर पुढची जागा लवकर आणून देत. आणि त्याचं सगळं श्रेय त्यालाच जाई.

एकदा कुरळ्या केसांची एक मुलगी गाताना आख्खं कडवं विसरली आणि थेट पुढच्या कडव्यावर गेली. बाईही तिच्याबरोबर गेल्या. एका स्वराचाही खड्डा पडला नाही. टाळ्या झाल्या, फुलं मिळाली, आणि पडद्यामागे येऊन ती मुलगी ढसाढसा रडली. मी कडवं खाल्लं, मी कडवं खाल्लं, असं एकच चाललं होतं तिचं. बाईंनी सगळे कागद नीट एकावर एक लावले आणि म्हणाल्या, "कुठलं कडवं? मला तर काही जाणवलं नाही." आणि बाजूच्या दाराने घरी गेल्या.

बाईंची थोरली बहीण परिचारिका होती. कामावरून सुटली की ती कधीकधी कार्यक्रमाला येऊन मागे बसायची आणि सगळे गेल्यावर पुढे येऊन बाईंवर चिडायची. दुसऱ्यांच्या ताटात वाढता वाढता तुझं जेवण राहिलं, हे तिचं नेहमीचं म्हणणं. बाई हसून विषय बदलायच्या. पण मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. बाईंना शिकवायचं होतं. साथ करून घरी जायचं नव्हतं, आपल्या हाताखाली पियानोचे विद्यार्थी तयार करायचे होते.

आमच्या विभागात एक रीत आहे. ज्याला शिकवायचं असेल, त्याने आधी याच सभागृहात, याच लोकांपुढे, एकट्याने पूर्ण कार्यक्रम करून दाखवायचा. पियानोचे जुने सर निवृत्त होणार म्हटल्यावर बाईंचं नाव फलकावर लागलं. पण तारीख जवळ आली आणि एका मुलाच्या कार्यक्रमाला साथीला कोणी मिळेना, बाईंची मोकळी संध्याकाळ तेवढी एकच होती. बाईंनी आपला कागद काढला आणि त्याला ती संध्याकाळ देऊन टाकली. पुढच्या सत्रातही तसंच झालं. या वेळी बासरीवाली मुलगी आजारातून उठली होती, तिला दुसरी तारीख नव्हती. कारणं खरी होती. पण बाई माझ्यावर बसून ती कारणं सांगत, तेव्हा त्यांचं अंग सैल पडलेलं मला कळायचं. सुटका झाल्यावर माणूस असा बसतो.

शेवटी विभागप्रमुख स्वतः सभागृहात आले. माणूस भला, पण त्यांनाही वर उत्तरं द्यावी लागत. ते उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, ही जागा मी आता आणखी अडवून ठेवू शकत नाही. या वेळी तुमचा कार्यक्रम झाला नाही, तर बाहेरून कोणीतरी येईल. मग मला काही म्हणू नका." बाई 'बरं' म्हणाल्या. ते गेल्यावर त्यांनी माझ्यावर बसूनच फलकासाठी आपल्या नावाचा कागद लिहिला.

मग सराव सुरू झाला. सकाळी सभागृह रिकामं असायचं तेव्हा बाई यायच्या. अवघड जागा काढायची, ती घोटायची, मग दुसरी. बोटं काय सुंदर चालायची म्हणून सांगू! मी निर्धास्त होतो. त्यांनी कुठलाच तुकडा एकदाही पहिल्या स्वरापासून वाजवलेला नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही आलं नसावं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं. बाईंनी ज्यांना ज्यांना साथ केली होती ती मुलं आली होती. काही आता मुलं राहिली नव्हती, त्यांच्या कडेवर मुलं होती. बहीण कामाच्या कपड्यांतच आली आणि आज पहिल्या रांगेत बसली. विभागप्रमुख कडेला. बाई आल्या, वाकून नमस्कार केला, माझ्यावर बसल्या आणि हात पियानोवर ठेवले.

आणि उजवीकडे वळल्या.

तिथे कोणी नव्हतं. कोण असणार? पण बाई बघत राहिल्या. त्यांचा सगळा भार माझ्या उजव्या पायांवर आला होता. मला एकदम उमजलं, आणि माझ्या लाकडात धस्स झालं. बाई श्वासाची वाट बघत होत्या. कोणीतरी श्वास घेतल्याशिवाय पहिल्या स्वरावर त्यांची बोटं कधी गेलीच नव्हती. आणि आज श्वास घ्यायला तिथे माणूस नव्हतं.

सभागृहात आधी शांतता होती. मग कोणीतरी खोकलं. खोकला साथीचा असतो, लगेच आणखी दोघं-तिघं खोकले. विभागप्रमुखांनी चष्मा काढून पुसायला घेतला. बाईंचे हात पियानोवरून मांडीवर आले. मग त्यांचा भार माझ्यावरून निघून त्यांच्या पायांवर जायला लागला. त्या उठत होत्या. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, बसा, उठू नका, आता उठलात तर परत बसणार नाही. पण बाकाला काय बोलता येतं? मी फक्त कुरकुरलो.

बाई अर्धवट उठल्या होत्या, तशाच थांबल्या. लोकांकडे वळल्या. चेहरा मला दिसत नव्हता, पण आवाज खरा होता.

"माफ करा," त्या म्हणाल्या. "मी गाणाऱ्याची वाट बघत होते."

मग मधल्या रांगेतून एक बाई उठली. केस अजूनही तसेच कुरळे.

"आम्ही सगळे इकडे बसलोय, बाई," ती म्हणाली. "आज तुम्ही निघा पुढे, आम्ही येतो मागून."

लोक हसले. हे हसणं टिंगलीचं नव्हतं, ओळखीच्या घरात हसतात तसं होतं. बाईसुद्धा हसल्या, आणि त्या हसण्याने मी गदगदा हललो. मग त्या बसल्या. मधोमध. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाईंचा भार माझ्या चारही पायांवर सारखा आला. त्यांनी स्वतः श्वास घेतला, चांगला मोठा, पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतका, आणि वाजवायला सुरुवात केली.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. खोटं कशाला बोलू? द्रुत भागात एके ठिकाणी बोटं अडखळली आणि सावरून घ्यायला शेजारी दुसरं कोणी नव्हतं. बाईंनी स्वतःच सावरलं आणि पुढे गेल्या. पण जो संथ तुकडा होता, त्यात त्यांनी कोणाची घाई केली नाही आणि कोणासाठी थांबल्या नाहीत. तो त्यांच्या चालीने चालला. त्या वेळी सभागृहात कोणालाही खोकला नव्हता.

शेवटी फुलं आली. बाईंनी आजवर फुलं दुसऱ्यांच्या हातात पाहिली होती. ती धरायची कशी हे त्यांना माहीत नव्हतं. वाकायचं होतं, म्हणून त्यांनी गुच्छ सरळ माझ्यावर ठेवला. देठ ओले होते. माझ्या गादीवर तेव्हा जो डाग पडला तो आजही आहे, आणि कोणी तो घासून काढायला आला तर मी त्याला बसल्या जागी पाडीन.

बाईंना जागा मिळाली. सभागृहात आता नवा बाक आला आहे. नुसता हात लावला की आवाज न करता वर-खाली होतो. मला पुन्हा अडगळीत टाकणार होते, पण बाईंनी मला आपल्या शिकवायच्या खोलीत मागून घेतलं. आता माझ्यावर त्यांचे विद्यार्थी बसतात. सध्या एक उंच, लाजरी मुलगी येते. बसली की आधी बाईंकडे बघते, कधी सुरू करू म्हणून. बाई तिच्याकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहतात. मुलगी चुळबुळते, मुठी फिरवते, उसासे टाकते. बाई वळत नाहीत. त्यांना ते किती जड जातं ते मला माहीत आहे, कारण खिडकीच्या चौकटीवर त्यांची बोटं पांढरी पडलेली असतात.

त्या मुलीचं नाव परवा फलकावर लागलं आणि ती मागच्या जिन्याने ये-जा करायला लागली. तिच्या कार्यक्रमाला मी नसेन, तिथे नवा बाक असेल. तेव्हा माझं काम तुम्हालाच करायचं आहे. तुम्ही या. तिकीट नाही, दार उघडं असतं, मागच्या खुर्च्या जरा कुरकुरतात म्हणून पुढे बसा. ती येईल, नमस्कार करेल, बसेल. आणि मग कदाचित काहीच होणार नाही. ती नुसतीच बसून राहील. तेव्हा खोकू नका. घड्याळाकडे बघू नका. शेजारच्याला काही विचारू नका. तिला कोणीच खूण करणार नाहीये, आणि ते तिलाही माहीत आहे. तेवढा वेळ हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं समजा, आणि थांबा.