बुधवारची हिरवी चादर

डॉ. अनंतराय वसावडा हे सौराष्ट्रातल्या त्या सरकारी इस्पितळाचे मोठे साहेब. निवृत्ती तोंडावर आली होती आणि स्वच्छ रुग्णालयाच्या बक्षिसाची ढाल टांगायला त्यांनी घरच्या भिंतीत खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. वरून नियम आला, की रोज वेगळ्या रंगाची चादर घाला, म्हणजे बदलली की नाही ते लांबूनच कळेल. साहेबांनी नियम डोक्यावर घेतला. बुधवार हिरवा म्हणजे सगळं इस्पितळ हिरवंगार दिसलं पाहिजे!

अडचण एवढीच, की हिरव्या चादरींचं कापड फारच चांगलं निघालं होतं. निम्म्या चादरी कर्मचाऱ्यांच्या घरी पडदे होऊन डोलत होत्या. धुलाईचं मोठं यंत्र होतं, पण तपासणीच्या दिवशी ते नवंकोरं दिसावं म्हणून त्यावरचं प्लॅस्टिक कुणी काढलं नव्हतं. दसऱ्याला त्याला हार तेवढा मिळे.

आणि तपासणी नेमकी बुधवारी आली.

"साहेब, बाळंतिणींच्या वॉर्डात हिरव्या पुरत नाहीत," मेट्रन दमयंतीबेन सकाळीच म्हणाल्या.

"मग भागवा ना बेन! हेही मीच सांगायचं?"

दमयंतीबेननी भागवलं. तपासणीचे पाहुणे चामडीच्या रोगांच्या वॉर्डात जाणार नव्हते, तेव्हा तिथल्या चादरी काढल्या, झटकल्या, गुलाबपाणी शिंपडून बाळंतिणींकडे धाडल्या. साहेबांनी विचारलं नाही, बेननी सांगितलं नाही. त्या इस्पितळात मोठी माणसं अशीच एकमेकांचा मान राखत.

साहेबांची लेक निराली त्याच बाळंतिणींच्या वॉर्डात होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. सासूबाई खासगी दवाखान्याचा हट्ट धरून बसल्या होत्या, पण साहेबांनी त्यांना गप्प केलं. साहेबांची स्वतःची मुलगी सरकारी खाटेवर, हे पाहून तपासणीवाले विरघळलेच पाहिजेत, असा त्यांचा हिशेब. आदल्या दिवशी नातू झाला आणि हिशेबात आणखी भर पडली.

दुपारी पाहुणे चहाला बसले, तेव्हा साहेब वॉर्डात एक नजर टाकायला गेले आणि दारातच थबकले. निरालीखालच्या चादरीवर विड्याच्या पानाएवढा तपकिरी डाग! हा डाग त्यांनी सकाळीच पाहिला होता, चामडीच्या वॉर्डात, खरजेने करकरा खाजवणाऱ्या म्हाताऱ्याखाली. आता त्यावर त्यांचा नातू झोपला होता. दुसरी हिरवी चादर नव्हती, आणि पिवळी घालावी तर उद्याचा रंग आज.

शेजारच्या खाटेवर लाखीबेन होती, खेड्यातली, गुरं राखणाऱ्या रबारी जमातीतली बाई. तिची चादर स्वच्छ, बिनडागाची.

"बेन, जरा उठता का? चादर बदलतो."

"अरे बापरे, मोठे साहेब स्वतः!" लाखीबेन लेकरू छातीशी धरून उठली. "देव तुमच्या लेकीचं भलं करो, बापू."

साहेबांनी मान खाली घालून अदलाबदल केली. डागाची चादर लाखीबेनखाली, बिनडागाची निरालीखाली. मनाला थोडं टोचलं, नाही असं नाही. पण नातू सुखरूप होता.

तेवढ्यात पाहुणे आले. त्यांचे प्रमुख झवेरीभाई निरालीच्या खाटेवर वाकले, चादरीवरून हात फिरवला, वास घेतला.

"वा, वसावडासाहेब! गुलाब? आणि रंग अगदी बरोबर! चहाही झकास होता हं, जरा वेगळीच चव."

मागे उभ्या दमयंतीबेनचा चेहरा पडला. त्या साहेबांच्या कानाशी लागल्या.

"साहेब, हे काय केलंत? ताईंची चादर मी मुद्दाम उकळून, गच्चीवर वाळवून घातली होती. डाग औषधाचा, तो जातच नाही. तुम्ही घातलीत ती नुसती झटकलेली हो!"

"उकळली? कुठं?"

"कँटीनच्या पातेल्यात. दुसरं एवढं मोठं भांडं कुठंय आपल्याकडं?"

साहेबांनी खाटेकडे पाहिलं. नातू गाल टेकवून गाढ झोपला होता. एक शब्द बोलले असते, तर पोरगं लगेच उचललं गेलं असतं. झवेरीभाई लेखणी काढून गुण भरत होते.

"काही म्हणालात, साहेब?"

"नाही, नाही. लिहा तुम्ही."

दीड महिन्याने ढाल मिळाली. मंचावर ती देताना झवेरीभाईंनी ती घाईने साहेबांच्या हाती कोंबली आणि बोटांच्या बेचक्यांत खाजवू लागले. घरी पोचताच साहेबांनी आधी ढाल खिळ्याला टांगली. आतून रडण्याचा आवाज येत होता.

"पप्पा, बाळाला झोपच लागत नाही. अंगभर पुरळ उठलंय," निराली रडवेली होऊन म्हणाली. "लाखीबेनचं बाळ कसं गुटगुटीत आहे, आज लसीला भेटली होती. ती तुम्हाला रोज दुवा देते म्हणे. माझ्याच लेकराला हे कुठून लागलं हो?"

साहेब ढाल सरळ करत राहिले.

"हवा बदलली असेल," ते म्हणाले.